डेन्हॅम कसा आहे, हा प्रश्नच चुकीचा आहे

मागच्या जुलैत मी अकरा मुलांना एक प्रश्न दिला. बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘टू सर, विथ लव्ह’ या कादंबरीचा उतारा आहे. त्यात डेन्हॅम नावाचा एक विद्यार्थी येतो. त्याचं स्वभावचित्रण करा, पन्नासेक शब्दांत, बोर्डाच्या पद्धतीनं. अर्ध्या तासानं अकरा वह्या माझ्यासमोर आल्या. अकराही वह्यांत तीच चार विशेषणं होती: उद्धट, बंडखोर, धीट, स्पष्टवक्ता. क्रमही तोच. दोन वह्यांत स्पेलिंगची चूकसुद्धा सारखी होती. गाईडमध्ये ती चूक छापलेलीच असणार.

मी रागावलो नाही. रागावण्याचा मला हक्कही नव्हता, कारण बारावीला मीही असंच केलं होतं. कुणाचंही स्वभावचित्रण मागा, पाठ केलेली चार विशेषणं उतरवायची, खाली रेघा मारायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. मला चांगले मार्क पडले. इंजिनिअर झालो. तीस ओलांडल्यावर एक अख्खी कादंबरी पहिल्यांदा वाचली, तेव्हा लक्षात आलं की माणूस वाचायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

आधी माझी ओळख सांगतो. मी साहित्याचा माणूस नाही. बल्लारपुरात वाढलो, अब्बू कागद कारखान्यात होते. शिक्षण नागपूरला झालं, नोकरी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. २०२० च्या टाळेबंदीत घरी आलो तो चंद्रपुरातच राहिलो, काम आता घरूनच चालतं. रविवारी सकाळी जटपुरा गेटजवळच्या एका खोलीत बारावीच्या मुलांना शिकवतो, फी नाही. हेतू गणित आणि फिजिक्सचा होता. इंग्रजी मध्येच घुसलं, कारण आमच्या भागातल्या मुलांना बारावीची खरी भीती असते ती याच विषयाची. मुलं कोण, तर मोहल्ल्यातली सहा, घुग्गुसचे दोन, मुलचेरा तालुक्यातल्या बंगाली गावातली एक, आणि वसतिगृहात राहणारे एटापल्लीकडचे दोन माडिया मुलगे. घरी कुणी हिंदी-उर्दू बोलतं, कुणी बंगाली, कुणी माडिया. मराठी हीच आमच्या खोलीतली सगळ्यांची भाषा.

आता पुस्तकाकडे येतो. २०२० साली आलेल्या बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’त ‘कादंबरी’ हा साहित्यप्रकार म्हणून एक पूर्ण विभाग आहे. निर्णय चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. त्यात तीन कादंबऱ्यांचे उतारे आहेत: ई. आर. ब्रेथवेट यांची ‘टू सर, विथ लव्ह’, ज्यूल व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि कॉनन डॉईलची ‘द साइन ऑफ फोर’. तिन्ही उताऱ्यांवर परीक्षेत पात्राचा प्रश्न येतो. तो प्रश्न जवळपास नेहमी ‘अमुक कसा आहे’ असा असतो. तो तसा कुठे झाला, कशानं झाला, आधी कसा होता, हे विचारता येत नाही, कारण उताऱ्यात ते मावत नाही. कादंबरी म्हणून आपण मुलांच्या हाती जे देतो, तो एका लांब प्रवासातला एक थांबा असतो. गाडी कुठून आली आणि कुठे गेली, हे फलाटावर उभं राहून कसं कळणार?

फॉगचंच बघा. पुस्तकातला उतारा शेवटाकडचा आहे. पैज हरलो असं समजून फिलिअस फॉग लंडनच्या घरी परत येतो, आणि मग एक दिवस हाती शिल्लक असल्याचं कळतं. मुलं लिहितात: वक्तशीर, शांत, धैर्यवान. पण याच फॉगनं कादंबरीच्या सुरुवातीला आपल्या नोकराला कामावरून काढलं होतं, कारण दाढीचं पाणी शहाऐंशी अंश फॅरनहाइटऐवजी चौऱ्याऐंशी अंश होतं. दोन अंशांसाठी माणूस काढणारा हा गृहस्थ पुढे भारतात सती जाणाऱ्या औदाला सोडवण्यासाठी आपल्या हिशेबातले तास खर्च करतो, आणि अखेरीस तिच्याशी लग्न करतो. घड्याळाचा माणूस झाला, हीच त्या कादंबरीची गोष्ट. आमच्या पोरांना घड्याळ दिसतं आणि लग्न दिसतं, मधला रस्ता दिसत नाही.

‘द साइन ऑफ फोर’ची तर गंमतच आहे. प्रश्न हमखास होम्सवर. आणि होम्स या कादंबरीत जराही बदलत नाही. पहिल्या प्रकरणात तो कोकेनची सुई टोचून घेतो आणि शेवटच्या पानावर त्याचा हात पुन्हा त्याच बाटलीकडे जातो. डॉईलनं हे मुद्दाम केलंय. बदलतो तो वॉटसन. मिस मॉर्स्टनवर त्याचा जीव जडतो, पण तिला खजिना मिळाला तर आपण तिच्यासाठी फार लहान ठरू, म्हणून तो गप्प राहतो. खजिना गेल्यावर त्याला हायसं वाटतं. वॉटसनच्या त्या सुटकेच्या श्वासावर एक प्रश्न विचारला तरी वर्ग जागा होईल.

याच कादंबरीत पुढे टोंगा नावाचा अंदमानचा आदिवासी आहे. विषारी काटे फुंकून मारतो, आणि लेखकानं त्याला जनावरासारखंच रंगवलंय. त्याचा स्वतःचा असा एक शब्द आपल्यापर्यंत पोचत नाही. होम्स एका गॅझेटिअरमधून अंदमानच्या लोकांचं वर्णन वाचून दाखवतो आणि त्या वर्णनातच टोंगाचा निकाल लागतो. हा भाग आपल्या उताऱ्यात येत नाही. पण मी तो माझ्या मुलांना मुद्दाम सांगितला, एटापल्लीची दोन मुलं समोर बसलेली असताना. वाढ कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, हेही कादंबरी वाचताना शिकायचं असतं. लेखक गोऱ्या डॉक्टरला मन देतो, प्रेम देतो, संकोच देतो. आदिवासीला काटा देतो. (जाता जाता: त्याच कादंबरीत डॉईलनं पंजाबी शिपायांना महोमेट सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर अशी नावं देऊन त्यांना शीख म्हटलंय. आमच्या खोलीत यावर पाच मिनिटं हसणं चाललं. मग एक मुलगा म्हणाला, “सर, त्याले सगळे सारखेच वाटले असंन.” त्यानं नेमकं तेच सांगितलं होतं.)

आणि मराठीत काय? त्याच बोर्डाच्या मराठी ‘युवकभारती’त साहित्यप्रकार म्हणून अकरावीला नाटक आहे आणि बारावीला कथा. कादंबरी नाही. म्हणजे ज्या भाषेत ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली, ज्या भाषेला २०२४ साली अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, त्या भाषेतला विद्यार्थी कादंबरीतलं पात्र कसं वाढतं हे शिकणार इंग्रजीच्या पेपरात, जी भाषा त्याला सगळ्यात कमी येते. चंद्रपुरात साहित्य संमेलन दोनदा झालं, १९७९ ला आणि २०१२ ला. दुसऱ्या वेळी मी जेमतेम नोकरीला लागलेलो. सुट्टी काढून मंडपात गेलो, पुस्तकांची पिशवी भरून घरी आलो. त्या पिशवीतलं पुस्तक कसं वाचायचं, हे मात्र वर्गात कुणी शिकवलेलं नव्हतं.

मला इथे कुणा शिक्षकाला झोडपायचं नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या सरांशी माझी यावर फोनवर चांगलीच जुंपली. त्यांचं म्हणणं असं: वर्गात ऐंशी मुलं, निम्मी दहावीपर्यंत इंग्रजीचं एक वाक्य धड न बोललेली, पावसाळ्यात नाले भरले की आठवडाभर अर्धा वर्ग गायब. पोर्शन संपवायचा की कादंबरी वाचायची? पेपर तपासणाराही तेच चार शब्द शोधतो. “तुमचं बरं आहे, अकरा पोरं घेऊन बसता,” ते म्हणाले. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. पण यातून निघतं ते एवढंच की अख्खी इंग्रजी कादंबरी ऐंशी मुलांना झेपणार नाही. पात्राची वाढ शिकवता येणार नाही, असं यातून निघत नाही. त्यासाठी इंग्रजी लागतच नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ केवढीशी आहे! एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो आणि दुष्काळानं वाडी उठते तेव्हा परत निघतो. आला तो आणि निघाला तो, एकच माणूस आहे का? या एका प्रश्नावर महिनाभराचे तास निघतील. आणि आमच्याकडच्या मुलांना वाडी उठणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागणार नाही. खाणीसाठी उठलेली गावं त्यांनी पाहिली आहेत.

तर मी काय केलं ते सांगतो. ‘टू सर, विथ लव्ह’ची एक प्रत मागवली. पुढचे आठ रविवार शेवटचा पाऊण तास ती मोठ्यानं वाचली. एक पान इंग्रजीत, चार पानं तोंडी मराठीत, अडलं तिथे हिंदीत. वही आडवी धरायला सांगितली. पात्र काहीतरी वेगळं वागलं की तिथे पान नंबर टाकायचा, आणि पुढे तीनच गोष्टी लिहायच्या: आधी काय करत होता, आता काय केलं, मध्ये काय घडलं. विशेषण लिहायला बंदी. मी हे माझ्या धंद्यातून उचललंय. आम्ही प्रोग्राम लिहितो तेव्हा केवळ आजचा कोड ठेवत नाही, कोणत्या दिवशी कुणी कोणती ओळ बदलली आणि का, याची सगळी नोंद ठेवतो. काही बिघडलं की आजच्या कोडकडे बघून फारसं कळत नाही, नोंद उलटी वाचत जावं लागतं.

पहिल्याच रविवारी मुलं चकित झाली ती निवेदकामुळे. उताऱ्यातून त्यांना तो ‘काळा शिक्षक’ एवढाच माहीत. कादंबरीत कळलं की हा ब्रिटिश गयानाचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात होता, आणि शिक्षणानं इंजिनिअर. लढाई संपल्यावर लंडनमध्ये नोकरी शोधतो. कागदांवर सगळं पुरेसं असतं. मुलाखतीला बोलावलं जातं, चेहरा दिसतो, आणि मग हाताखाली गोरी माणसं असतील तर कसं चालेल, हा प्रश्न उभा राहतो. शिक्षकी त्यानं निवडलेली नाही, दुसरं काही उरलं नाही म्हणून तो ईस्ट एंडच्या शाळेत येतो. आणि येतो तोही रागानं भरलेला. त्या गरीब, शिवराळ गोऱ्या पोरांबद्दल त्याच्या मनात जे आहे ते फार चांगलं नाही. आमच्या गाईडमध्ये तो ‘आदर्श शिक्षक’ आहे, पहिल्या पानापासून.

इथे मी थोडा थांबलो, कारण गोष्ट माझीही होती. २०१६ साली पुण्यात भाड्याचं घर शोधताना एका सोसायटीत सगळं ठरलं, पगाराच्या स्लिपा बघून झाल्या, आणि मग दलालानं विचारलं, “पूर्ण नाव काय म्हणालात?” दुसऱ्या दिवशी ते घर ‘आधीच गेलं’ होतं. माझी चार विशेषणं त्या सोसायटीच्या मनात तयार होती, नाव कळताच ती खाली उतरली. हे मुलांना सांगितलं. सगळे गंभीर झाले, मोहल्ल्यातले तर जरा जास्तच. आपण सोसलेलं ऐकायला बरं वाटतं. मलाही सांगताना बरं वाटत होतं, हे कबूल करतो.

डेन्हॅमचं पान त्यानंतर आलं. उताऱ्यात तो विद्यार्थ्यांच्या सभेत पी. टी.च्या तासावरून शिक्षकांना सगळ्यांसमोर अडचणीत आणतो. कादंबरीत त्याच्या कितीतरी आधी एक प्रसंग आहे: बॉक्सिंगच्या तासाला डेन्हॅम सरांनाच समोर उभं राहायला सांगतो आणि तोंडावर ठोसा लगावतो. सर एक ठोसा परत देतात, पोटात. डेन्हॅम कोलमडतो. खरी गोष्ट त्यापुढची आहे. सर त्याची फजिती करत नाहीत, मागाहून त्याच्याजवळ जाऊन त्याची विचारपूस करतात. तिथून डेन्हॅमची बोलण्याची रीत बदलते, सरांना तो ‘सर’ म्हणू लागतो. एटापल्लीचा एक मुलगा, जो महिनाभर तोंडातून शब्द काढत नव्हता, त्यानं पान नंबर टाकला आणि म्हणाला, “म्हणून मंग सभेत तो नीट उभा राहून विचारते. आधी असता तं खुर्ची फेकली असती.” गाईडनं ज्याला उद्धट म्हटलं, तो उद्धटपणातून बाहेर पडलेला मुलगा होता. उतारा वाचून नेमकं उलटं उत्तर पाठ झालं होतं, आणि त्याला चारपैकी तीन मार्क पडत होते.

संबोधनाची खूण मुलांना फार आवडली. मराठीत तर ती सोन्याची खाण आहे. अरे-जारेचं अहो-जाहो कधी झालं, अहोचं परत अरे कुठे झालं, मास्तर कुणाला ‘पोरा’ म्हणाला, एवढं पकडलं तरी नात्याचा अर्धा नकाशा हाती लागतो. घुग्गुसच्या एका मुलानं दुसऱ्या रविवारी येऊन सांगितलं की त्याच्या घरी आजोबा वडिलांना ‘बाप्पू’ म्हणायचे, ते एका भांडणानंतर थेट नावानं हाक मारायला लागले. हे त्याला आधी कधी दिसलं नव्हतं.

आणि मग फुलांचा प्रसंग आला. ज्यांनी कादंबरी वाचली किंवा १९६७ चा सिडनी पॉइटिएचा चित्रपट पाहिला, त्यांना तो आठवत असेल. वर्गातल्या सील्स नावाच्या मिश्रवर्णीय मुलाची आई वारते. मुलं वर्गणी काढून फुलांचं चक्र आणायचं ठरवतात. पण ते घरी कोण नेणार, म्हटल्यावर वर्ग गप्प. काळ्याच्या घरात शिरताना कुणी पाहिलं तर लोक काय म्हणतील? ही तीच मुलं, ज्यांना सरांनी महिनोन्‌महिने घडवलं. सर मोडून पडतात. एकटी पामेला डेअर उठते आणि म्हणते, मी नेईन. अंत्ययात्रेच्या दिवशी सर एकटेच निघतात, आणि त्या घरासमोर जवळजवळ सगळा वर्ग उभा असलेला त्यांना दिसतो.

मी पुस्तक मिटलं. मला वाटलं होतं, आता पुण्याच्या घरासारखं काहीतरी निघेल, आमच्याशी लोक कसे वागतात याचं. तसं झालं नाही. मोहल्ल्यातली एक मुलगी, जिची वही नेहमी सगळ्यात नीट असते, ती म्हणाली, “सर, हम लोग नहीं गए थे.” तिनं सांगितलं ते असं. आठवीत तिच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचे वडील वारले. मैत्रीण गावाबाहेरच्या गोंड वस्तीतली. बाईंनी सांगितलं, जवळच्या मैत्रिणींनी जाऊन या. हिच्या घरी अम्मी म्हणाली, उनके यहां नहीं जाते. कारण काही दिलं नाही, आणि हिनं विचारलंही नाही. ती मैत्रीण पंधरा दिवसांनी शाळेत आली आणि दुसऱ्या बाकावर बसली. नववीत तिनं शाळा सोडली. “मुझे लगा था वो घमंडी है,” मुलगी म्हणाली. घमंडी. एका विशेषणात तिनं ते प्रकरण चार वर्षं मिटवून ठेवलं होतं.

खोलीत कुणी काही बोललं नाही. माडिया मुलगे खाली बघत होते. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. आमच्या मोहल्ल्यात ‘जंगली’ हा शब्द किती सहज वापरला जातो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी तो वापरलाय. पुण्याच्या दलालाचा राग मी नऊ वर्षं सांभाळला, या शब्दाचा हिशेब एकदाही मांडला नाही.

म्हणून म्हणतो, स्वभावचित्रणाचा हा प्रश्न चार मार्कांचा नाही. मुलाला बारा वर्षं आपण असं शिकवतो की माणूस म्हणजे विशेषणांची यादी, आणि ती यादी कुणीतरी आधीच छापून ठेवलेली असते. मग तो मोबाईलवर, नाक्यावर, मतदानाला जाताना, घर भाड्यानं देताना तीच यादी वापरतो. मुसलमान कसे असतात, आदिवासी कसे असतात, बंगाली कसे असतात. आपण नंतर त्याला पूर्वग्रह म्हणतो आणि सद्भावना मेळावे घेतो. मेळाव्यांना मी जातो, चहा चांगला असतो. पण ज्या वयात हे घडतं त्या वयात तो मुलगा आपल्यासमोर बाकावर बसलेला असतो, आणि आपण त्याला डेन्हॅम कसा आहे ते पाठ करायला लावतो.

आमच्या दोन जिल्ह्यांत तर याला आणखी एक धार आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा बडा नेता भूपती साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. त्या रविवारी मुलांनी पेपर आणले होते. बातम्यांत बंदुका किती, बक्षीस किती, पद कोणतं, सगळं होतं. मी विचारलं, यातल्या कुणाचंही आपण वहीसारखं लिहू शकतो का? आधी काय, आता काय, मध्ये काय? शेवटचा रकाना सगळ्यांचा कोराच राहिला. राज्याची शरणागती योजना २००५ पासून आहे. म्हणजे माणूस बदलू शकतो हे सरकारनं कागदावर वीस वर्षांपूर्वीच मान्य केलंय. अभ्यासक्रमानं अजून केलेलं नाही. आणि माणूस बदलतो हे मान्य करणं म्हणजे त्यानं केलेलं माफ करणं नव्हे. बॉक्सिंगचा ठोसा डेन्हॅमनंच मारला होता, वहीत तो पान नंबरसह लिहिलेला आहे. या जिल्ह्यात तर जीव गेलेत, पोलिसांचेही आणि गावकऱ्यांचेही. रकाना भरायचा तो हे सगळं धरूनच.

या विषयावर मराठीत कादंबरी नाही असंही नाही. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात वर्षानुवर्षं राहिलेल्या विलास मनोहरांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ आहे. शीर्षकातच जन्म आहे, म्हणजे घडणं आहे. पात्राची वाढ शिकवायला गडचिरोलीत याहून जवळचं पुस्तक कुठलं? मी माझी प्रत एटापल्लीच्या मुलाला दिवाळीच्या सुट्टीत न्यायला दिली. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि परत केली. “रस्त्यात चेकिंग राहते, सर. नाव वाचलं तं?” मी जाड कागदाचं कव्हर घालून दिली. त्यानं नेली. पण जो मुलगा स्वतःच्या तालुक्याची कादंबरी कव्हर घालून नेतो, त्याला वाचनसंस्कृतीवर भाषण देण्याची माझी तरी छाती नाही.

माझ्या मागण्या लहान आहेत. मराठीच्या पुस्तकात एक छोटी, अख्खी कादंबरी द्या. उतारे नकोत. ‘कसा आहे’ ऐवजी ‘कुठे बदलला, आणि बदलला नसेल तर का नाही’ असं विचारा. उत्तरात पान सांगणाऱ्याला मार्क द्या, विशेषणांना देऊ नका. हे करायला पैसा लागत नाही, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची एक बैठक लागते. आणि हे तातडीचं आहे, हे मी सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो. डेन्हॅमचं पन्नास शब्दांतलं स्वभावचित्रण आज कुठल्याही मोबाईलवरचा चॅटबॉट तीन सेकंदांत लिहून देतो, स्पेलिंगच्या चुकीशिवाय. मी मुलांसमोर ते करून दाखवलं. तीच चार विशेषणं आली. जे काम मशीन फुकट करतं, त्याचा आपण वर्षभर सराव करून घेतोय.

बोर्डाची परीक्षा आता महिन्यावर आली आहे. मागच्या रविवारी त्या मुलीनं दोन उत्तरं लिहून आणली. एक गाईडचं, अट्ठेचाळीस शब्द. दुसरं तिचं, दीड पान, चार पान नंबरांसह, आणि शेवटी डेन्हॅमबद्दल एक प्रश्न, ज्याचं उत्तर तिनं दिलेलं नव्हतं. तिला बी. फार्मला जायचंय, मार्क हवेत, घरची परिस्थिती अशी की दुसरी संधी नाही. “सर, परीक्षेत कोणतं लिहू?”

मी तिला सांगितलं, गाईडचं लिही. तिनं मान डोलावली, पहिलं पान फाईलला लावलं. दुसऱ्या पानाची घडी घालून ती दप्तरात ठेवत होती, तेव्हा मी ते मागून घेतलं. ते माझ्या टेबलावर आहे. तिच्या मैत्रिणीच्या गावाचं नाव तिनं मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलंय, आणि बसची वेळ.